शिकागोच्या दक्षिण भागातील एक दुपार

शिकागो शहर पाहून आलेला आपल्याकडील प्रवासी बहुधा तीन गोष्टी सांगतो: समुद्रासारखे दिसणारे मिशिगन सरोवर, मान मोडेपर्यंत वर पाहावयास लावणाऱ्या इमारती, आणि आर्ट इन्स्टिट्यूटची ती वास्तू, जेथे सन १८९३ च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषदेपुढे स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात आम्ही उभयता त्या शहरी गेलो, तेव्हा या तिन्ही स्थळांचे दर्शन आम्हीही यथासांग घेतले. परंतु त्यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आज लिहावयाचे आहे ते त्याच शहराच्या एका अशा भागाविषयी, की जेथे जाऊ नका असे आम्हांस निक्षून सांगण्यात आले होते.

सांगणारी आमची भाची. शहरापासून सुमारे तीस मैलांवर नेपरव्हिल नावाचे टुमदार गाव आहे, तेथे तिचे बिऱ्हाड. घर प्रशस्त, पुढे हिरवळ, मागे हिरवळ. आमची व्यवस्था तिने लेकीच्या मायेने ठेवली होती. दक्षिण भागाचे नाव काढताच मात्र ती म्हणाली, "मामा, सगळं शहर पाहा, पण तिकडे जाऊ नका. आम्ही इथं वीस वर्षं राहतोय, त्या बाजूला कधी पाऊल ठेवलं नाही." आम्ही मनात म्हटले, ज्या जागी वीस वर्षांत पाऊल ठेविले नाही त्या जागेविषयी आपले मत किती पक्के असते! आमच्या लहानपणी पेठेतील वडील मंडळीही अमुक बोळाने जाऊ नये असे बजावीत, आणि त्या बोळात काय आहे हे विचारले असता त्यांनाही नीट सांगता येत नसे.

आम्हांस तिकडे जाण्याची इच्छा होण्याचे कारण एक चित्रपट. एके रात्री भाचीचा चौदा वर्षांचा मुलगा आम्हांजवळ बसला असता आम्ही 'अवर अमेरिका' हा सन २००२ मधील चित्रपट पाहिला. अर्नेस्ट डिकर्सन हे त्याचे दिग्दर्शक. तो नाट्यरूपाने सांगितलेला असला तरी त्याचा पाया सत्य घटनेचा आहे. सन १९९३ च्या मार्च महिन्यात डेव्हिड आयसे नावाच्या एका तरुण नभोवाणी-निर्मात्याने शिकागोच्या दक्षिण भागातील दोन मुलांच्या हाती ध्वनिमुद्रणयंत्र दिले. लिॲलन जोन्स तेरा वर्षांचा, लॉइड न्यूमन चौदा वर्षांचा. दहा दिवस ही दोघे ते यंत्र घेऊन आपल्या वस्तीत हिंडली. घरच्यांना प्रश्न विचारले, मित्रांना विचारले, शाळेत जाता-येता बोलत राहिली. पुलावर उभे राहून खालून धावणाऱ्या मोटारींवर दगड फेकण्याचा आपला उद्योगही त्यांनी लपविला नाही. 'घेट्टो लाइफ १०१' या नावाने तो कार्यक्रम त्याच वर्षी प्रक्षेपित झाला, आणि ज्या वस्तीविषयी सर्व देश केवळ पोलिसांच्या बातम्या ऐकत होता त्या वस्तीतील दोन पोरांचे हसणे, भिणे आणि बढाया मारणे लोकांनी प्रथमच ऐकले.

चित्रपट संपल्यावर आमचा नातू, कारण भाचीचा मुलगा तो आमचा नातूच, म्हणाला, "मामाआजोबा, ही जागा इथून तासाभरावर आहे." या वाक्याने आमचा बेत पक्का झाला. भाचीने अखेर संमती दिली, ती "उजेडी परत या" या अटीवर.

नेपरव्हिलहून आगगाडीने शहरात, आणि तेथून खांबांवरून धावणाऱ्या गाडीने पस्तिसाव्या रस्त्याच्या स्थानकावर आम्ही उतरलो. वर अभियांत्रिकी विद्यापीठाच्या काचेच्या इमारती. पूर्वेकडे चालू लागले की थोड्याच वेळात रुंद, झाडांनी छायांकित असा मार्टिन लूथर किंग यांच्या नावाचा राजमार्ग लागतो. मनात भीतीचे जे चित्र घेऊन आम्ही निघालो होतो त्याच्याशी या रस्त्याचे काही जुळेना. दोन्ही बाजूंस करड्या दगडांची भारदस्त घरे, पायऱ्यांवर फुलांच्या कुंड्या, आणि येणाजाणाऱ्यास अभिवादन करणारी माणसे. मध्येच एखादी जागा मात्र रिकामी, गवत वाढलेली, जणू तोंडातील दात पडावा तशी. चौकात विजयस्तंभ उभा आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या, इलिनॉयच्या कृष्णवर्णीय पलटणीचे ते स्मारक.

हा भाग ब्रॉन्झव्हिल या नावाने प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून, कापसाच्या शेतांतून आणि जाचक कायद्यांतून सुटून कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडे येऊ लागली. शिकागोत सन १९१० मध्ये त्यांची संख्या सुमारे ४४ हजार होती. १९४० मध्ये ती २ लाख ७८ हजारांच्या आसपास गेली. माणसे सहा पटींनी वाढली, परंतु जागा त्या मानाने वाढू दिली नाही. शहरातील गोऱ्या घरमालकांनी आपसांत करारपत्रे करून ठेविली होती, की अमुक गल्लीतील घर कृष्णवर्णीयास विकावयाचे नाही वा भाड्याने द्यावयाचे नाही. अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, हा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ साली. तोपर्यंत एका अरुंद पट्ट्यात ही सारी वस्ती कोंडलेली राहिली. एका घराची सहा बिऱ्हाडे होत, आणि एका खोलीचे भाडे एका घराएवढे. आपल्याकडे "जागा त्या लोकांना देत नाही" हे वाक्य किती सहजपणे उच्चारले जाते याची आठवण होऊन आम्ही काही वेळ मुकाट्याने चाललो.

या कोंडमाऱ्यावर उपाय म्हणून सरकारने १९३९ ते १९४१ या काळात येथे १,६६२ बिऱ्हाडांची वसाहत बांधली, आणि तीस आयडा बी. वेल्स यांचे नाव दिले. हे नाव आपल्या वाचकांस अपरिचित असेल, म्हणून दोन शब्द लिहितो. आयडाबाईंचा जन्म सन १८६२ चा, गुलामगिरीतला. पुढे मेम्फिस शहरी त्या शिक्षिका आणि पत्रकर्त्या झाल्या. सन १८९२ मध्ये त्यांच्या परिचयाच्या तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने ठार केले, तेव्हा बाईंनी अशा हत्यांची गावोगाव चौकशी करून, कोणास कोठे व कोणत्या आरोपावरून मारले हे नावानिशी छापण्यास आरंभ केला. परिणामी त्यांचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. सन १८९३ मध्ये शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने विवेकानंद तेथे गेले, त्याच प्रदर्शनात आपल्या लोकांना स्थान का नाही हे विचारणारी पुस्तिका आयडाबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांस वाटीत होत्या. एकाच शहरी एकाच वर्षी घडलेल्या या दोन गोष्टींपैकी एक आपल्या घरोघरी पाठ आहे, दुसरी आम्हांस पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर कळली. त्यापूर्वी वीस वर्षे, सन १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांच्या कार्याचा उरलेला भाग किती मोठा होता, हे येथे उभे राहिल्यावर ध्यानी येते.

राजमार्गावर ३६२४ क्रमांकाचे बाईंचे घर अजून उभे आहे. तेथून पूर्वेस सदतिसाव्या रस्त्याने लँग्लीच्या कोपऱ्यावर गेले की वसाहतीची जागा लागते. वसाहत मात्र नाही. प्रारंभी ज्या घरांसाठी लोक रांगा लावीत, ती पुढे दुरुस्तीवाचून, पैशावाचून आणि पाठोपाठ कामधंद्यावाचून खचत गेली. शेजारी उंच इमारती झाल्या, त्यांचे पाळणे बंद पडले, जिने अंधारले, अमली पदार्थांचा व्यापार आणि गोळीबार नित्याचा झाला. शेवटी शहराने सन २००० मध्ये पंचवीस हजार घरांच्या पुनर्रचनेची मोठी योजना हाती घेतली. तिच्या अन्वये ही वसाहत टप्प्याटप्प्याने पाडण्यात येऊन २०११ मध्ये तिचा शेवटचा भागही नाहीसा झाला. आता तेथे ओकवुड शोअर्स या नावाची नवी, नेटकी घरे आहेत. त्यांत गरीब, मध्यम व सधन अशा तिन्ही प्रकारची कुटुंबे राहावीत अशी योजना आहे. परंतु जुन्या रहिवाशांपैकी अनेकांना तेथे परत येणे घडले नाही.

कोपऱ्यावर 'लाइट ऑफ ट्रुथ', म्हणजे सत्याचा प्रकाश, हे आयडाबाईंचे स्मारक आहे. बाईंच्या पणतीने पुढाकार घेऊन लोकवर्गणी जमविली, आणि रिचर्ड हंट या शिल्पकाराने घडविलेली ही ब्राँझची कृती ३० जून २०२१ रोजी खुली झाली. तीन खांब वर जाऊन ज्वालेसारख्या वळणांत मिळतात. तेथे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमच्या सौभाग्यवतींच्या नऊवारीने त्यांचे कुतूहल जागृत झाले असावे. त्यांनी आपण होऊन कोठून आलात असे विचारले. आम्ही आलो त्याचे कारण सांगितले. त्यांचे बाळपण याच वसाहतीत गेले होते.

नातवाने खिशातला फोन काढून आदराने विचारले, "आपण बोलाल का? मी मुद्रित करतो."

ते हसले. म्हणाले, "लोक येथे येतात आणि विचारतात, किती गोळीबार ऐकलेत. माझ्या आईच्या खिडकीचे पडदे कोणत्या रंगाचे होते, हे आजवर मला कोणी विचारले नाही."

"कोणत्या रंगाचे होते?" नातवाने विचारले.

"पिवळे," ते म्हणाले, आणि मग अर्धा तास बोलत राहिले. आई दर शनिवारी ते पडदे धुऊन इस्त्री करी. शेजारीण तिच्या मुलांना ओरडली की यांच्याही पाठीत धपाटा पडे, कारण तेथे मुले सर्वांची असत. आम्हांस क्षणभर आमच्या वाड्याचा चौक दिसला.

आम्ही त्या दोन मुलांच्या कार्यक्रमाविषयी विचारले. त्यांचा चेहरा किंचित कठीण झाला. "आम्हांपैकी पुष्कळांना ते रुचले नाही. मीही रागावलो होतो. बाहेरचा गोरा माणूस येतो, पोरांच्या हाती यंत्र देतो, आणि आमच्या घरचे दुःख साऱ्या देशाला ऐकवतो. त्याला नावही घेट्टो." ते थोडे थांबले. "पण आता भिंती राहिल्या नाहीत. आमच्या जिन्याचा आवाज कोठे उरला असेल, तर त्या फितीत उरला आहे."

या आक्षेपाकडे आम्हांस दुर्लक्ष करवत नाही. तो कार्यक्रम प्रक्षेपित झाला तेव्हाही अशी टीका झाली होती, की यामुळे वस्तीची बदनामी होते आणि लोकांच्या मनातील वाईट चित्रच अधिक गडद होते. शिवाय या वस्तीचे चित्रण पूर्वी झाले नव्हते असे नाही. सन १९४१ मध्ये, वसाहत खुली झाली त्याच वर्षी, सरकारी छायाचित्रकार रसेल ली यांनी ईस्टरच्या दिवशी टोप्या-कोट घालून मोटारीपाशी ऐटीत जमलेल्या पाच मुलांचे छायाचित्र याच भागात टिपले. ते आजही जगभर छापले जाते. सन १९९७ मध्ये फ्रेडरिक वाइझमन यांनी याच वसाहतीवर तीन तासांहून मोठा माहितीपट केला. दोन्ही कामे उत्तम आहेत. परंतु त्या पाच मुलांपैकी एकाच्याही मनात त्या सकाळी काय होते, हे छायाचित्रावरून कळत नाही. पाहणारा बाहेरचा असला की वस्ती दिसते. वस्तीतल्या मुलाने आपल्याच आजीला प्रश्न विचारला की आजी उत्तर देते.

याची खरी कसोटी पुढच्या वर्षी लागली. ऑक्टोबर १९९४ मध्ये वसाहतीला लागून असलेल्या एका उंच इमारतीच्या चौदाव्या मजल्यावरून पाच वर्षांच्या बालकास दोन मुलांनी खिडकीतून खाली टाकिले. टाकणारे दहा आणि अकरा वर्षांचे. कारण एवढेच, की त्या बालकाने त्यांच्यासाठी गोळ्या-चॉकलेट चोरण्यास नकार दिला होता. त्याचा आठ वर्षांचा भाऊ त्याला धरून ठेवण्याची धडपड करीत होता. साऱ्या देशातून वार्ताहर धावले, चार दिवस ओरड झाली, आणि इलिनॉय संस्थानाने मुलांना तुरुंगात धाडण्याची किमान वयोमर्यादा तेरावरून दहावर आणिली. सर्व निघून गेल्यावर लिॲलन आणि लॉइड पुन्हा यंत्र घेऊन निघाले. ते बालक कोण होते, ती इमारत कशी होती, आणि अशी मुले कोठून येतात, हे त्यांनी आपल्याच शेजाऱ्यांना विचारले. तो 'रिमोर्स' हा कार्यक्रम १९९६ मध्ये प्रक्षेपित झाला व त्यास पीबडी हे नभोवाणीच्या क्षेत्रातील मानाचे पारितोषिक मिळाले. दोन्ही कार्यक्रमांतून १९९७ मध्ये पुस्तक झाले, आणि त्यावरून आम्ही पाहिलेला चित्रपट. पुढे लिॲलन २०१० मध्ये अमेरिकेच्या सिनेटची निवडणूक लढले. यश आले नाही. लॉइड २०२२ मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आजाराने निवर्तले. त्यांचा चौदा वर्षांचा आवाज मात्र आजही ऐकता येतो.

निघताना वृद्ध गृहस्थांनी नातवाला विचारले, "तू कोठे राहतोस? तुझ्या गल्लीत उजव्या हाताला कोण राहते?"

मुलगा गोंधळला. त्याच घरी तो जन्मापासून राहतो. उजव्या बाजूच्या घरातील माणसांचा कुत्रा त्यास ठाऊक होता, माणसांचे नाव ठाऊक नव्हते.

"मग तुला पुष्कळ काम आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटले.

आम्ही उजेडीच परत आलो. भाचीने दारातच आम्हांस आपादमस्तक न्याहाळले, आणि सर्व ठीक आहे असे पाहून पोळ्या करावयास घेतल्या. जेवणानंतर नातवाने फोन टेबलावर ठेवून आमच्या सौभाग्यवतींस विचारले, "मामीआजी, तुमच्या वाड्यात कोण कोण राहायचं?"

सदाशिव पेठेतील आमचा तो वाडा सन १९९६ मध्ये पाडून तेथे सदनिका झाल्या. त्याचे वर्णन करण्याचा अधिकार आमचाच, अशा समजुतीने आम्ही बोलू लागलो: चौक, तुळशीवृंदावन, चौतीस पाने बसणारी पंगत. मुलाने आम्हांस हाताने थांबविले. "मी मामीआजीला विचारतोय."

तेव्हा सौभाग्यवतींनी आमच्या थोरल्या आत्याची गोष्ट सांगितली. ही आत्या पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आणि पुढची पन्नास वर्षे माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वावरली. आमच्या मुंजीचे लाडू तिने वळले, आमच्या तापात ती उशाशी बसली. परंतु तिला काय वाटते असे आम्ही वा आमच्या वडिलांनी कधी विचारल्याचे स्मरत नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "आत्याबाई रोज दुपारी, सगळे निजले की लिहायच्या. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून शिवलेल्या वह्या होत्या, सात-आठ. मी नवी सून, मला तेवढं माहीत होतं. शेवटच्या आजारात मला म्हणाल्या, या बंबात घाल. मी म्हटलं, कुणाला वाचायला ठेवू का? तर म्हणाल्या, इतक्या वर्षांत कुणी मागितल्या नाहीत, आता कशाला?"

"घातल्यास?" आम्ही विचारले.

"घातल्या. त्या दिवशी पहिलं पाणी तुम्हीच घेतलंत."

बेचाळीस माणसांचा तो वाडा, त्यात पदवीधर नऊ. ग्रंथांची कपाटे भरलेली. आणि त्यांत घरातल्या घरात लिहिले गेलेले एकमेव पुस्तक आमच्या स्नानाच्या पाण्याखाली जळाले. ही हकीकत आम्हांस पन्नास वर्षांनी, सात समुद्रांपलीकडे, एका पोराने योग्य माणसाला प्रश्न विचारला म्हणून कळली. त्या वृद्ध गृहस्थांना आपल्या वस्तीच्या अब्रूची चिंता होती, ती आम्ही समजू शकतो. आम्हीही हे लिहावे की न लिहावे या विचारात काही महिने घालविले. घरची गोष्ट बाहेर का न्यावी, हा प्रश्न आमच्या वडिलांनीही केला असता. परंतु आत्याच्या पन्नास वर्षांचे मोल आमच्या संकोचाहून अधिक आहे असे ठरवून, सौभाग्यवतींच्या संमतीने, ती येथे नमूद केली आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी चौदा वर्षांचे मूल आणि ऐंशी वर्षांची वृद्धा एकाच छपराखाली नांदत असतील, त्यांनी त्या दोघांस एखाद्या दुपारी एकटे सोडावे, आणि आपण कृपा करून मध्ये बोलू नये. आमच्या नातवाने दुसऱ्याच दिवशी उजव्या हाताच्या घराची घंटा वाजविली. तेथे पोलंडहून आलेले एक वृद्ध जोडपे राहते, एवढे त्याने आम्हांस सांगितले. अधिक विचारले तेव्हा म्हणाला, "आजोबा, ते अजून सांगतायत."